बाबांच्या मोटरला अर्थ नव्हता

विजेच्या बाबतीत माझ्याशी कोणी वाद घालू नये. मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासतो. 'शॉर्ट सर्किट' हा शब्द दिवसातून जितक्या वेळा माझ्या डोळ्यांखालून जातो, तितक्या वेळा एखाद्या वायरमनच्याही जात नसेल. कुणाचं घर कसं जळलं आणि मालकानं आधी काय करायला हवं होतं, हे मी खुर्चीवरून न उठता सांगतो. त्यामुळे आमच्या शेडमध्ये थ्री फेज आल्यावर बाबांचा लेथ मी स्वतःच्या हातानं जोडायचं ठरवलं, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. बायकोला वाटलं. पण मी शर्टाचं बटण लावायला घेतलं तरी तिला तसंच वाटतं.

बाबा कातारी होते. घरामागच्या शेडमध्ये लाकूड कातायचा त्यांचा लेथ. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, पलंगाचे खूर असलं काय काय त्यातून निघायचं. सकाळी मोटर सुरू झाली की तिची घरघर घरभर पसरायची. आईच्या खोलीची खिडकी तर थेट शेडकडेच उघडते. बाबा गेले, घरघर थांबली आणि आई बोलायचीच बंद झाली. रडली नाही, कुणावर चिडली नाही. खिडकीशी खुर्ची ओढून बसून राहायची. पुढे ठेवलेलं ताट तसंच्या तसं परत यायचं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे, पण अशाच राहिल्या तर ठीक राहणार नाही. मला मनातून भीती वाटायला लागली होती की हीसुद्धा हळूहळू बाबांच्या मागे निघाली आहे आणि आपण दारात उभे राहून नुसते बघतोय.

शेड रिकामी पडली म्हणून अर्धी एका सुताराला भाड्यानं द्यायचं ठरलं. त्याच्या रंधा मशीनला थ्री फेज लागतं. वीज कंपनीची माणसं आली, जुनी लाइन काढली, शेडच्या भिंतीवर नवा बोर्ड ठोकला, स्वयंपाकघरासकट पुढच्या खोल्या एका फेजवर, आईची खोली दुसऱ्या फेजवर, शेड तिसऱ्या फेजवर अशी वाटणी करून दिली आणि लेथची वायर तशीच लोंबकळत ठेवून निघून गेली.

त्या संध्याकाळी आई खिडकीतून म्हणाली, "ह्यांच्या मशीनची वायर तुटली का रे?"

बाबा गेल्यानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य. मी आणि बायको जागच्या जागी उभे राहिलो. तेव्हाच मी ठरवलं, लेथ पुन्हा फिरला पाहिजे. मला त्यावर काही कातायचं नव्हतं. मला फक्त तो आवाज हवा होता. आवाज कानावर पडला तर आणखी एखादं वाक्य येईल, वाक्यामागून घास जाईल.

सुतार टेप घेऊन जागा मोजत होता. म्हणाला, "मोटर सिंगल फेजची आहे साहेब, आणि इथं आलंय चारशे पंधरा व्होल्ट. डायरेक्ट लावाल तर धूर निघेल."

"चारशे पंधरा दोन फेजच्या मध्ये," मी म्हणालो. "एकच फेज आणि न्यूट्रल घेतलं की दोनशे तीस. मोटरला तेवढेच लागतात."

"तरी वायरमनला बोलवा."

"वायरमन येऊन वेगळं काय करणार?"

सुतारानं खांदे उडवले आणि पुन्हा टेप ओढला.

बायकोला मी सोप्या भाषेत सांगितलं. तीन फेज म्हणजे तीन भाऊ. घराबाहेर पडताना तिघांचे तीन रस्ते, पण घरी परत यायची वाट तिघांची एकच. ती वाट म्हणजे न्यूट्रल.

"आणि परत यायची वाटच बंद झाली तर?" तिनं विचारलं.

"ती बंद होत नसते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मेन स्विच पाडून मी बोर्ड उघडला. फेज लगेच मिळाली. न्यूट्रलच्या पट्टीवर मात्र जागा नव्हती. म्हणून तिथली जाडजूड वायर काढली, मोटरची बारीक वायर तिच्या कडेला धरली आणि दोघींना एकाच भोकात कोंबून स्क्रू आवळला. स्क्रू शेवटपर्यंत गेला नाही, पण माझी ताकद शेवटपर्यंत गेली. त्यावर मी समाधान मानलं.

भर दुपारी मेन स्विच वर केला आणि लेथचं बटण दाबलं.

मोटर नुसती हुंकारली. तोंड मिटून कुणी हं म्हणावं तसा बारीक, खोलातून आलेला आवाज. लाकूड धरायचा पंजा जागचा हलला नाही. मी वाकून बघत होतो, हात पाठीमागे होते, आणि अचानक तो पंजा आपला आपण फिरू लागला. आधी अगदी सावकाश, मग वेगात. ओळखीची घरघर शेडमध्ये भरली. माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदही झाला. थोड्या वेळानं कुणीतरी वरून तळवा टेकवल्यासारखा वेग उतरला आणि परत नुसता हुंकार उरला. मी बटण बंद केलं. लेथच्या लोखंडाला हात लागला तर बोटांत मुंग्या आल्या. कुणीतरी बोट हलकेच धरावं आणि सोडून द्यावं, तसं वाटलं.

"आले का हे?" आईचा आवाज आला.

मी धावत खोलीत गेलो. आई उभी होती. खोली अंधारी, म्हणून तिच्याकडे दिवसाही दिवा लागतो. जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब, बाबांनीच लावलेला. ती बल्बकडे बोट दाखवत होती.

"मशीन लागलं आणि दिवा मोठा झाला."

"व्होल्टेज असतं आई ते," मी म्हणालो.

माझं वाक्य संपलं न संपलं तोच दिवा मोठा झाला. लेथ बंद होता. घरात हालचाल नव्हती, दूर स्वयंपाकघरात फ्रिज तेवढा घुरघुरत होता. बल्बमधली तार पिवळ्याची पांढरी झाली, खुर्चीची सावली भिंतीवर काळी कुळकुळीत उमटली. त्याच वेळी खोलीबाहेरच्या अंधाऱ्या बोळातला दिवा मंदावला. एका खोलीतला उजेड काढून कुणीतरी दुसऱ्या खोलीत ओतत होतं. मग हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं.

आई खुर्चीत बसली. म्हणाली, "भूक लागलीय."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण आईनं त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं, आणि जे काही चाललं होतं ते थांबवायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर आमच्या घरात दिव्याचं राज्य सुरू झालं. आई दिव्याखाली खुर्ची घेऊन बसायची आणि विचारायची. खिडकीचे पडदे बदलायचे का? थोडी वाट बघायची. दिवा मोठा व्हायचा. पडदे बदलले. टीव्हीचा आवाज कमी ठेवायचा का? दिवा मोठा. टीव्ही मुका झाला. जेवण सगळ्यांनी एकत्र बसून करायचं का? मी ऑफिसातून येऊन ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचो, तेही सुटलं. कधी उत्तर यायला फार वेळ लागायचा. आई शांतपणे बसून राहायची आणि आम्ही दोघं माना वर करून तिच्या मागे उभे. त्या खोलीतलं ते वाट बघणं मला अजून आठवतं. मानेवर कुणाचा तरी श्वास लागतोय असं वाटायचं आणि मागे वळून बघायची हिंमत व्हायची नाही.

एके दिवशी आईनं विचारलं, "ह्यानं ती मिशी काढावी का?"

"आई, मिशीचा काय संबंध?"

दिवा मोठा झाला. मी मिशी काढली.

मग बायकोलाही धीर आला. पदर नीट करून, हात जोडून ती म्हणाली, "बाबा, रात्रीची भांडी ह्यांनी घासावीत का?" दिवा इतक्या तत्परतेनं उजळला, की मला बाबांचा रागच आला. लहानपणी पतंग मागितला तेव्हा एवढी तत्परता दिसली नव्हती.

पण आई बोलत होती. जेवत होती. बाबा तरुणपणी कसे होते, लेथ पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळे बघायला कसे जमले होते, हे ती सांगायची आणि आम्ही ऐकायचो. मी भांडी घासता घासता ऐकायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, जे कोण असेल ते असो, राहू दे.

मग मिक्सरनं जीव सोडला. त्यानंतर बायको म्हणाली, "अहो, फ्रिजच्या दारानं माझा हात धरला." तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. आता मात्र मी गुपचूप वायरमनला बोलावलं.

आमच्या भागात त्याला सगळे सुस्कारे म्हणतात. खरं आडनाव कुणालाच माहीत नाही. प्रत्येक वाक्याआधी तो एक सुस्कारा सोडतो. बल्ब बदलायला आला तरी जग बुडाल्यासारखा चेहरा करून स्टुलावर चढतो. आला, लेथच्या लोखंडाला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला. त्यानं लांबलचक सुस्कारा सोडला.

"अर्थ नाही," तो म्हणाला.

"कशाला?"

"कशालाच नाही साहेब. मशीनला नाही, घराला नाही. सगळं बिनअर्थाचं चाललंय."

मला त्याची कीव आली. माणूस एकटा असला की असे विचार येतातच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं मनाला लावून घेऊ नका. हेही दिवस जातील."

"मी तुमच्या वडिलांना किती सांगितलं. म्हटलं मालक, अर्थाशिवाय खरं नाही. तर म्हणाले, लग्नाच्या वर्षापासून बिनअर्थाचंच चाललंय. आता या वयात अर्थ घेऊन काय करायचाय?"

समोर आईच्या खोलीची खिडकी होती. खिडकीत आई होती. मी मान वर करेपर्यंत खिडकी लागली.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या ऑफिसच्या कागदांत 'अर्थिंग' हा शब्द रोज येतो. अर्थिंग नव्हतं म्हणून अमुक गेला, अर्थिंग नव्हतं म्हणून तमुक भाजला. पण त्याचं शेपूट कापून कुणी नुसतं 'अर्थ' म्हटलं, तर मी ओळखलं नाही. मला वाटलं, बाबांनी आयुष्याचा हिशेब या वायरमनपाशी मोकळा केला होता.

बायको कालथ्यासकट बाहेर आली. "आमच्या घरात माणूस गेलंय आणि तुम्ही इथं अर्थ काढत बसलाय? निघा."

"वहिनी, बोर्ड तर बघू द्या."

"काही बघायचं नाही. निघा म्हटलं ना."

सुस्कारेनं पिशवी उचलली. "अर्थाशिवाय माणूस मरतं वहिनी," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, आणि फाटकापाशी वळून, "मी पाइप घेऊन येतो."

"मारायला पाइप आणतोय मेला," बायको म्हणाली आणि फाटकाला कडी घातली.

आईनं खोलीतला दिवा मालवला होता. अंधारात पाठ करून बसली होती. ताट परत आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. मी खूप विनवण्या केल्या तेव्हा एकच म्हणाली, "लग्नाच्या वर्षापासून, असं म्हणाले." आधीच्या गप्प राहण्यात निदान बाबांची आठवण होती. आता तीही तिच्या हातातून काढून घेतल्यासारखी झाली होती. डॉक्टरांना बोलावलं तर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, यांना काहीतरी करून खायला घाला.

लेथ सुरू केला की आईच्या खोलीतला दिवा मोठा होतो, एवढं मला कळलं होतं. का होतो ते कळलं नव्हतं, पण तेवढी गरजही नव्हती. मी बायकोला म्हणालो, "आपण बाबांकडून वदवून घेऊ."

"अहो, हे पाप आहे."

"ताट परत येतंय, ते काय आहे?"

तिनं खुणेसाठी टॉवेल उचलला.

दिवेलागणीची वेळ. मी शेडमध्ये बटणावर बोट ठेवून उभा. खिडकीतून आईची पाठ दिसत होती. बायकोनं खोलीतला दिवा लावला आणि मला ऐकू येईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "बाबा, आईंबरोबरच्या संसाराला अर्थ होता ना?" आणि टॉवेल हलवला.

मी बटण दाबलं.

मोटर हुंकारली, अडखळली आणि एकदम उसळून फिरली. लेथ गदागदा हलायला लागला. त्याच्याबरोबर शेडची भिंत हलली, भिंतीबरोबर बोर्ड खडखडला. खिडकीतला दिवा मोठा झाला. बायकोचा टॉवेल अजून हलतच होता. पुरे कधी करायचं, याची खूण आम्ही ठरवलीच नव्हती. दिवा पांढरा झाला, पांढऱ्याचा निळसर झाला, अंगणात दुपारसारखा उजेड पडला. माझी सावली शेडच्या भिंतीवर माझ्याहून उंच उभी राहिली. स्वयंपाकघरात फ्रिज विव्हळला. आईनं मान वळवली, तिचा चेहरा कागदासारखा दिसला, आणि फट् असा आवाज होऊन सगळं घर काळं झालं.

लेथ अंधारात फिरत होता. थांबायला त्यानं फार वेळ लावला. जळका वास पसरला. आईच्या खोलीतून काहीही ऐकू येत नव्हतं. मी माझ्या हातानं तिला मारलं, एवढाच विचार डोक्यात होता. आणि तेवढ्यात कुंपणाची तार वाकवून, खांद्यावर काहीतरी लांबलचक घेऊन, कुणीतरी अंगणात उतरलं आणि एक सुस्कारा ऐकू आला.

"मेन पाडा आधी," सुस्कारे म्हणाला, आणि मी हलत नाही असं बघून त्यानंच पाडला. बॅटरी लावून बोर्ड उघडला. जाडी वायर हात लावताच बाहेर आली, टोकाशी काळी पडलेली.

"हे कुणाचं काम?"

मी बोर्डाकडे बघत राहिलो.

"परतीची वाटच सुटलीय साहेब. न्यूट्रल सैल झालं की असंच होतं. एका फेजवर ओझं आलं की दुसऱ्या फेजवरचा दिवा चढतो. तुमचा फ्रिज लागला की आईंच्या खोलीतला बल्ब मोठा होत असणार."

"फ्रिज?" बायको मेणबत्ती घेऊन दारात आली होती. तिच्यामागे आई होती, स्वतःच्या पायांवर उभी. मला रडू आलं ते मी अंधारात उरकून घेतलं.

"फ्रिजच," सुस्कारे म्हणाला.

बायकोनं माझ्या मिशीच्या जागी बघितलं. मी शेडच्या छपराकडे बघितलं.

आई पुढे आली. "तुम्ही म्हणालात, अर्थ नाही."

"नाहीच आहे. म्हणून तर हा पाइप आणला. हा जमिनीत पुरायचा, त्याची तार मशीनला जोडायची. मग अंगात करंट येत नाही. हाच अर्थ."

आईनं वाकून पाइपला हात लावून बघितला. "म्हणजे हे मशीनबद्दल बोलत होते?"

"मग आणखी कशाबद्दल? लग्नाच्या वर्षी मशीन घेतलं होतं ना त्यांनी."

आई लेथच्या कडेला टेकली. आधी खांदे हलले, मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मोठ्यानं, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. बायको तिच्याशेजारी बसली. सुस्कारेनं, काय करावं न सुचून, मेणबत्ती धरली.

वीज परत यायला उशीर झाला. आई मेणबत्तीच्या उजेडातच जेवली. नवा बल्ब लावून झाल्यावर मी तिच्यापाशी जमिनीवर बसलो. सांगायला तर हवंच होतं.

"आई, तो दिवा. ते बाबा नव्हते गं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी विचारीन त्याला तो हो म्हणत होता. तुझे बाबा उभ्या जन्मात कधी हो म्हणाले? 'नाही', आणि फारच खूश असले तर 'बघू'. ते बिनअर्थाचं बोलणं मात्र त्यांच्या तोंडचं होतं. ऐकल्याबरोबर ओळखलं. म्हणून तर लागलं."

"मग दिव्याला विचारत का बसायचीस?"

"दिव्यानं हो म्हटलं की तुम्ही ऐकत होतात."

"मीही विचारायचो ना तुला, काय हवंय म्हणून?"

"विचारायचास. उत्तर येईपर्यंत थांबायचा नाहीस."

मी उठलो नाही, मांडी नीट घालून बसलो.

आता दिवा शहाण्यासारखा एकसारखा जळतो. आई संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची ओढते आणि मी ऑफिसातून आल्यावर समोर बसतो. ती विचारते, मी हो म्हणतो. बऱ्यापैकी जमतं. कधी ती फारच काहीतरी काढते, सगळ्या घराला रंग किंवा असलं काही. अशा वेळी मी डोकं खाजवतो आणि म्हणतो, "बघू."

"आले गं हे," आई स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला सांगते. "पान वाढ."